कुठल्या नळीत कुठली दारू

गेले सात महिने ऑफिसात मी दारूची यादी सांभाळतोय. पिण्याची नाही, बंदुकीची. मराठीत दोन्हींना शब्द एकच असल्यामुळे घरी नवीन प्रोजेक्ट समजावून सांगताना बराच वेळ गेला. आईला शेवटी एवढंच पटलं की पगार तोच आहे आणि घरी काही आणायचं नाहीये.

आमचा क्लायंट अमेरिकेतला. तिथे लाखो लोक रायफलीची काडतुसं स्वतः भरतात. गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती साफ करायची, साच्यातून काढून मापात आणायची, तळाशी नवा प्राइमर बसवायचा, तराजूवर तोलून पावडर ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. काही जण पैसे वाचवायला करतात, काही जण अचूकतेसाठी. मोठ्या बोअरच्या जुन्या रायफली बाळगणाऱ्यांपुढे बऱ्याचदा दुसरा पर्यायच नसतो, कारण त्यांची तयार काडतुसं एक तर मिळत नाहीत किंवा एकेका काडतुसाची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. या मंडळींना 'तुमच्या रायफलीला योग्य पावडर कुठली' हे सांगणारं ॲप आम्ही ठाण्यात बसून लिहितो. मी तर अर्धा आठवडा भिवंडीत, कामतघरच्या घरातून लिहितो. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असतात, त्यामुळे मीटिंगमध्ये मी कायम म्यूटवर.

आधीच सांगतो, हा लेख वाचून कुणी काही करू नये. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. पावडरचं एकही वजन मी इथे देणार नाही. मला सांगायचंय ते 'योग्य' या शब्दाबद्दल.

ॲपमध्ये त्या शब्दाचा अर्थ सुरुवातीपासून ठरलेला होता: वेग. जी पावडर गोळीला जास्त वेग देते ती यादीत वर, शेजारी पिवळा तारा. बंदूक न पाहिलेल्या माणसालाही हे बरोबर वाटेल. दारू म्हणजे ताकद, आणि हत्तीच्या रायफलीला सगळ्यात जास्त ताकद हवी.

पण रायफलीतली पावडर स्फोटासाठी नसतेच. ती जळते, फक्त फार भराभर. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो, आणि तेवढ्यात पावडरने वायू तयार करून गोळीला ढकलायचं असतं. बंद पडलेल्या टेम्पोला धक्का मारताना जे होतं तेच इथे. लाथ घालून टेम्पो हलत नाही, पायच दुखावतो. खांदा लावून रेटायचं, आणि टेम्पो पुढे सरकेल तसं आपणही त्याच्या वेगाने धावायचं. पावडरचं धावणं म्हणजे तिचा जळण्याचा वेग. तो ठरवायला पावडरच्या कणांना आकार देतात. कुणी बारीक मॅकरोनीसारखी मधून पोकळ नळकांडी, कुणी गोळे, कुणी चकत्या. वरून जळणं मंदावणारा लेपही देतात.

आता बोअर मोठा म्हणजे काय? नळी रुंद. गोळी एक इंच पुढे सरकली तरी तिच्यामागची जागा भसाभस वाढते आणि दाब पडतो. त्यामुळे अगदी मंद पावडर अशा नळीत मागे राहते, गोळी निघून गेल्यावर तोंडाशी भडका उडवून संपते. उलट पुंगळी मोठी आणि नळी अरुंद असेल तर मंदच पावडर हवी, नाहीतर वायूला जायला वाट नाही आणि दाब चेंबरवर. म्हणजे एकीत अमृत असलेली पावडर दुसरीत बंदूक फोडू शकते. पावडर एकटी चांगली किंवा वाईट नसते. पुंगळीचं आकारमान, गोळीचं वजन, नळीची रुंदी आणि रायफल किती दाब सोसायला बांधलीय, हे चार आकडे कळल्याशिवाय तिच्याबद्दल बोलताच येत नाही. पत्रिका जुळवण्यासारखं आहे म्हणा, फक्त इथे गुण खरोखर मोजता येतात.

हे वाचायला लागल्यावर पहिला धक्का बसला तो आमच्याच गल्लीशी संबंधित होता. आधुनिक, म्हणजे बिनधुराची पावडर मुळात कापूस आहे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनतं. १८४६ साली श्योनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं. त्याने सांडलेलं आम्ल बायकोच्या सुती ॲप्रनने पुसलं आणि ॲप्रन वाळताना भक्कन जळून गेला, अशी गोष्ट सांगतात. भिवंडीत लहानपण काढलेल्या माणसाला कापूस म्हणजे मागावरून घरी आलेल्या बाबांच्या भुवयांवरचे पांढरे तंतू. तोच कापूस भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, १९६४पासून, तोफांच्या आणि काडतुसांच्या पावडरच्या साखळीत येतो. २४ जानेवारी २०२५ला तिथे स्फोट झाला, आठ कामगार गेले. त्या दिवशी मी ऑफिसात याच प्रोजेक्टची यादी तपासत होतो. यादीतल्या प्रत्येक नावामागे असा एक कारखाना असतो हे माहीत असणं वेगळं आणि मोबाइलवर बातमी येणं वेगळं.

दुसरा धक्का उन्हाचा.

अमेरिकन तक्त्यांमधले आकडे साधारण २१ अंशांच्या आसपासच्या तापमानात मोजलेले असतात. २१ अंश! भिवंडीत असं तापमान जानेवारीतल्या पहाटे चुकून भेटतं. पावडर तापली की जास्त वेगाने जळते आणि दाब चढतो. थंडीत नीट बसलेला भार मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास राहिला की वेगळाच भार होतो. आमच्या ॲपमध्ये तापमानाचा रकाना नव्हता.

ही गोष्ट काही कालची नाही, आणि तिच्या इतिहासातलं मोठं पान आपल्याच देशातलं आहे. १८८९मध्ये ॲबेल आणि ड्यूअर या दोघांनी इंग्लंडमध्ये कॉर्डाइट बनवलं: नायट्रोग्लिसरीन, नायट्रोसेल्युलोज आणि थोडं व्हॅसलीन, लगदा करून शेवयांसारखं काढलेलं. दिसायलाही शेवयाच. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडच्या कारागिरांनी या शेवयांवर चालणाऱ्या दुनळी रायफली बनवल्या. 'नायट्रो एक्स्प्रेस' म्हणतात त्या. गिऱ्हाईक कोण, तर भारत आणि आफ्रिकेतले साहेब आणि आपले संस्थानिक. लंडनच्या हवेत जुळवलेला भार इथल्या उन्हाळ्यात दाब चढवायचा, आणि पितळी पुंगळी फुगून चेंबरमध्ये अडकून बसायची. समोर जखमी वाघ आणि हातात न उघडणारी बंदूक. त्यावर दोन उपाय निघाले. उष्ण देशांसाठी कमी भार भरून 'ट्रॉपिकल' काडतुसं काढली. आणि पुंगळ्याच एवढ्या ऐसपैस ठेवल्या की दाब मुळातच कमी राहावा. पॉइंट ४७०ची पुंगळी हातात घेतली तर लिपस्टिकची डबी छोटी वाटेल, ती यामुळे.

(पॉइंट ४७०, पॉइंट ४६५ असे विचित्र आकडे का, याचंही उत्तर भारतातच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने इथे पॉइंट ४५० बोअरवर बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हाती गेलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्याच मापाच्या गोळ्या चालल्या असत्या. मग प्रत्येक बंदूकवाल्याने नियमाच्या जरा बाजूने जाणारं आपापलं माप काढलं. आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात.)

जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली ती पाचशे बोअरच्या रायफलीने, आणि ती 'मॉडिफाइड कॉर्डाइट'ची होती असं तो स्वतः लिहितो. या दोन शब्दांवरून लोक सहज पुढे जातात. मी मात्र तिथे अडकलो. त्या काळी काळ्या दारूसाठी बांधलेल्या बऱ्याच रायफली लोकांकडे होत्या. पोलाद जुन्या हिशेबाचं, दाब सोसायची ताकद बेताची. त्यांच्यात पूर्ण कॉर्डाइट भरलं तर बंदूक फुटायची, म्हणून मुद्दाम हलका, जुन्या दारूच्या दाबाला जुळणारा भार काढला होता. हे काडतूस रायफलीकडे बघून बनवलं होतं, वेगाकडे बघून नाही. कॉर्बेटने त्या दिवशी सोबत तीनच काडतुसं नेली होती. ती संपल्यावर त्याने तहसीलदाराची बंदूक घेतली, तर तिच्या नळीत आणि मागच्या ठोकळ्यात उघडी फट. ती फट बघूनही त्याने घोडा ओढला. त्याच्या जागी आपण काय केलं असतं हा विचार मी करत नाही, मी तर गॅसचा रेग्युलेटर दोनदा तपासतो.

पुढच्याच वर्षी, १९०८मध्ये, कॉर्बेटच्या नैनितालमध्येच सरकारी रासायनिक परीक्षकाचं कार्यालय सुरू झालं. स्फोटकं आणि पावडरी तपासणारं ते कार्यालय वाढत, नावं बदलत १९६०मध्ये पुण्याला आलं. पाषाणजवळची आजची एचईएमआरएल ती हीच. म्हणजे 'इथल्या हवेला ही पावडर चालेल का' हा प्रश्न विचारण्यासाठी या देशात शंभराहून जास्त वर्षं एक अख्खी संस्था चालू आहे, आणि आमच्या ॲपमध्ये त्यासाठी एक रकाना नव्हता.

तो रकाना आला. त्यावर फारशी भांडणं झाली नाहीत, कारण क्लायंटचे बरेच ग्राहक ॲरिझोनात राहतात आणि तिथलं ऊन आपल्याला लाजवेल असं आहे. काही नव्या पावडरी, उदाहरणार्थ हॉजडन कंपनीची ऑस्ट्रेलियात बनणारी 'एक्स्ट्रीम' मालिका, तापमानाने कमी हलाव्यात अशाच बनवलेल्या आहेत. त्यांना यादीत वेगळी खूण मिळाली.

खरं भांडण रिकाम्या चौकटींवरून झालं.

आमच्या तक्त्यात उभ्या रांगेत पावडरी, आडव्या रांगेत काडतुसं. लोकप्रिय काडतुसांच्या चौकटी भरलेल्या, कारण उत्पादक चाचण्या करून आकडे जाहीर करतात. मोठ्या बोअरच्या जुन्या काडतुसांकडे गेलं की मात्र तक्ता पाऊस न पडलेल्या शेतासारखा. क्लायंटच्या प्रॉडक्टवाल्या माणसाला ते खटकत होतं. त्याचं म्हणणं, शेजारच्या चौकटींवरून मॉडेलने अंदाज काढावा आणि भरून टाकावं. 'रिकामी जागा दिसली की युजर ॲप बंद करतो.' आमच्या टीममधल्या दोघांनी दोन दिवसांत मॉडेल तयारही केलं. दिसायला सुंदर होतं. चाचणी झालेल्या चौकटी झाकून बघितल्या तर त्याचे अंदाज जवळजवळ बरोबर येत होते.

त्या 'जवळजवळ'मुळे मला झोप लागेना. दोन कारणांनी.

एक म्हणजे या जुन्या पुंगळ्यांमधली रिकामी जागा. त्या कॉर्डाइटच्या जुडीसाठी बांधल्या होत्या. आजची पावडर तेवढंच काम कमी जागेत करते, त्यामुळे पुंगळीत हवा उरते. रायफल खाली झुकवली की पावडर गोळीकडे सरकते, वर केली की प्राइमरकडे. ठिणगी कधी पावडरला थेट भेटते, कधी हवेतून वाट काढत जाते. सारखाच भार दोनदा दोन प्रकारे जळतो. मंद पावडर मोठ्या पुंगळीत फार कमी भरली तर दाब अचानक उसळल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. 'कमी भरलं की सुरक्षित' हा सरळ रेषेचा नियम तिथे चालत नाही, म्हणून पुस्तकांमध्ये काही पावडरींना कमाल मर्यादेसोबत किमान मर्यादाही दिलेली असते. आमचं मॉडेल सगळं सरळ रेषेच्या भाषेत शिकलेलं.

उलटंही होतं. १९५६ साली विंचेस्टरने पॉइंट ४५८ मॅग्नम काढलं, हत्ती आणि रेड्यांसाठी. साध्या लांबीच्या रायफलीत मावावं म्हणून पुंगळी आखूड ठेवली आणि हवा तो वेग मिळवायला पावडर दाबून भरली. दाबलेली पावडर काही काळाने ढेपेसारखी होऊ लागली, नीट पेटेना, वेग पडला. कागदावर आकडा तोच होता. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने तुडवलं. तो वाचला, आणि १९७१मध्ये त्याने लांब पुंगळीचं स्वतःचं काडतूस काढलं, ज्यात पावडरला अंग पसरायला जागा होती. पॉइंट ४५८ लॉट आजही चालतं.

दुसरं कारण माझ्या आजोळचं आहे. मीटिंगमध्ये मी ते सांगितलं नाही, इंग्रजीत सांगता आलं नसतं.

आई कुडाळ तालुक्यातली. आजोबांना आम्ही आजो म्हणायचो. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा अजूनही आहेत. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवून जातो, माकडं नारळ खाली पाडतात. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आजो दर वेळी तेच म्हणायचे की डुकरांची पण नावं यादीत घाला. ठासणी म्हणजे काय ते मी त्यांच्या अंगणात बघितलं. नळीच्या तोंडातून काळी दारू, त्यावर काथ्याचा बोळा, गजाने ठोकायचं, मग छरे, परत बोळा. गज नळीबाहेर किती बोटं उरतो त्यावरून भार कळायचा. शेवटी केप. अमेरिकन माणूस ज्याला छंद म्हणतो, ते आजो गरज म्हणून करत. तिकडे ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे आपल्या जवळजवळ अर्ध्या गुंजेएवढं वजन. आजोंचा तराजू म्हणजे त्यांचीच बोटं.

एकदा वाडीतल्या कुणीतरी त्यांना कागदाच्या पुडीत वेगळी दारू आणून दिली. बारा बोअरची जुनी काडतुसं फोडून काढलेली, बारीक चकचकीत चकत्या. काळी दारू मिळायला त्रास होत होता आणि ही फुकट होती. आजोंनी पायरीच्या दगडावर चिमूटभर काळी दारू ठेवली, बाजूला चिमूटभर चकत्या. दोन्हींना अगरबत्तीने पेटवलं. काळी दारू भस्सकन गेली, पांढरा धूर, दगडावर डाग. चकत्या मात्र पिवळ्या ज्योतीने सावकाश जळत राहिल्या, कापरासारख्या. आणणारा माणूस हसला. म्हणाला, ही तर मवाळ आहे, थोडी जास्त घाला.

आजोंनी पुडी परत केली. "ही दारू आमच्या नळयेची न्हय," एवढंच म्हणाले. त्यांनी रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण शेजारच्या गावात नळी फुटून एकाची बोटं गेलेली त्यांना ठाऊक होती.

त्या दगडावर काय झालं होतं हे मला या प्रोजेक्टमुळे समजलं. काळी दारू उघड्यावर आणि कोंडलेली, जळण्याच्या वेगात फार फरक पडत नाही. बिनधुराची पावडर दाबाखाली बदलते. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो, त्याने वेग. पहिली बिनधुराची लष्करी पावडर १८८४मध्ये बनवणाऱ्या पॉल व्हिएल या फ्रेंच माणसाच्याच नावाने हा नियम ओळखला जातो. उघड्या दगडावर जी सगळ्यात मवाळ दिसली, ती बंद नळीत सगळ्यात कडक. बाहेरून केलेली चाचणी तिच्याबद्दल बरोब्बर उलटं सांगते. तिच्यात 'थोडी जास्त' घातली असती तर आजोंची ती नळी, जी काळ्या दारूच्या दाबासाठी कुणा गावठी लोहाराच्या हिशेबाने बांधलेली, फुटलीच असती.

आमचं मॉडेल त्या हसणाऱ्या माणसासारखं होतं. त्याने जे पाहिलं होतं त्यावरून त्याचं अनुमान चूक नव्हतं.

मी लेखी आक्षेप पाठवला. आधी टीम लीड वैतागला, कारण काम झालेलं होतं आणि मुदत जवळ आलेली. 'खाली डिस्क्लेमर टाकू' हा तोडगा निघाला. मी म्हटलं, चौकटीत आकडा असेल तर डिस्क्लेमर कुणी वाचत नाही, तू तरी कधी वाचलास? दोन आठवडे मेल चालले. क्लायंटकडे एक वयस्कर सल्लागार आहे, चाळीस वर्षं काडतुसं भरणारा. त्याने शेवटी एका ओळीत उत्तर दिलं की न मोजलेला भार मी माझ्या डोळ्यापासून सहा इंचांवर पेटवणार नाही. चौकटी रिकाम्या राहिल्या. तिथे आता 'या जोडीची चाचणी उपलब्ध नाही' असं येतं. वेगावरून लागणारी क्रमवारी आणि पिवळा तारा मात्र मी काढू शकलो नाही. ते त्यांचं मार्केटिंग आहे. पुंगळी किती भरते ते दाखवणारा रकाना ताऱ्याच्या शेजारी घालू दिला, एवढं झालं.

रिलीजनंतर पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या त्यातल्या सर्वाधिक रिकाम्या चौकटींच्या होत्या. 'ॲप तुटलंय.' मी प्रत्येकीला तेच उत्तर चिकटवतोय.

आजो तीन वर्षांपूर्वी गेले. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. मामाने वारसाचा अर्ज केला नाही. त्याची बाग आता कुंपणावर आणि विजेच्या झटक्याच्या तारेवर चालते. बंदूक नियमाप्रमाणे जमा झाली. माळ्यावर मात्र दारूचा पत्र्याचा डबा उरला होता, वर आजोंच्या अक्षरात तारीख आणि 'काळी'. ती कुणाला द्यायची नाही एवढं मामाला माहीत होतं. त्याने विहिरीवरून बादलीभर पाणी आणून डबा त्यात उपडा केला. सोरा विरघळला, पाणी राखाडी झालं, कोळसा वर तरंगत राहिला. ते पाणी फणसाच्या बुडाशी ओतलं.